दोनशे बारा तुकडे

मागची खोली रिकामी करायला सोळा दिवस पुरतील का, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला नसता. खोली दहा बाय बारा. हवं ते ठेवायचं, नको ते टाकायचं, झाडू मारायचा, पलंग मांडायचा. दोन धडधाकट माणसांचा एक रविवार, फार तर दीड. पण नाना हेडक्लार्क होते. सव्वीस वर्षं टेबलामागे बसलेल्या माणसाला कुठलंही काम दीड रविवारात उरकणं हा त्या कामाचा अपमान वाटतो.

नाना म्हणजे कुणी पिकलेले आजोबा नव्हेत. वय अठ्ठेचाळीस. केस तिशीतच निरोप घेऊन गेल्यामुळे सोसायटीनं परस्पर त्यांना नाना करून टाकलं होतं. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. आख्खी गल्ली तिला बाई म्हणायची, तेव्हा आपणही बाईच म्हणू.

तर बाईंची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सोळा दिवसांनी घरी न्या, आणि यापुढे एकटं ठेवू नका. या सासूबाई चौतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की पेशंट स्वतःहून बरे व्हायचे, असं म्हणत. नाना लग्नाला एकवीस वर्षं होऊनही त्यांच्यासमोर नखं लपवून बसत.

"आईला मागची खोली देऊ," बाई म्हणाल्या. "बाथरूम लागून आहे, ऊन येतं."

"देऊ की," नाना म्हणाले, आणि दोघंही मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार जेमतेम वीतभर उघडलं. आत व्यायामाची सायकल होती, बंद पडलेला फ्रिज होता, सात वर्षांची मासिकं होती, तीन सुटकेसच्या पोटात आणखी तीन सुटकेस होत्या. या सगळ्यांच्या मागे, एखाद्या अध्यक्षासारखं, एक भलंमोठं लाकडी कपाट होतं. त्याची किल्ली अकरा वर्षांपूर्वी हरवली होती आणि आत काय आहे ते दोघांनाही आठवत नव्हतं. नानांनी दार हळूच लावून घेतलं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात ऑफिसात एका प्रशिक्षकाचं व्याख्यान झालं. पातळ मिशीचा, चुणचुणीत माणूस. तो म्हणाला, "मोठं काम समोर दिसलं की मन बिचकतं. त्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. गजर लावा. गजर झाला की हातातलं काम आहे तिथे सोडायचं. पाच मिनिटं विश्रांती. स्वतःला छोटंसं बक्षीस. मग पुढचा तुकडा." बाकीचा स्टाफ डोळे उघडे ठेवून झोपला होता. नानांनी मात्र सगळं लिहून घेतलं, आणि 'आहे तिथे सोडायचं' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. काम सोडण्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शास्त्राचा आधार दिला होता.

पहिले तीन दिवस तुकडे पाडण्यात गेले. एकूण दोनशे बारा झाले. तुकडा क्रमांक एक: खोलीचं दार पूर्ण उघडणे. तुकडा क्रमांक सदतीस: मासिकं, पहिलं वर्ष, चाळणे. तुकडा क्रमांक अडतीस: मासिकं, पहिलं वर्ष, पुन्हा चाळणे. यादी लांब कागदावर, रकाने आखून, तीन रंगांत. ती जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागली तेव्हा बाई शाळेतून आल्या होत्या. चष्मा वर-खाली करून त्यांनी ती वाचली.

"दोनशे बारा पंधरं किती होतात?"

"त्रेपन्न तास. विश्रांती धरून जवळजवळ एकाहत्तर."

"तुम्ही संध्याकाळी किती वेळ काम करणार?"

"दोन तास."

बाई भूगोलाच्या असल्या तरी त्यांना भागाकार येत होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण दवाखान्यात डबा घेऊन जायची वेळ झाली होती. त्या रोज जात होत्या. येताना त्यांचा चेहरा थोडा लहान झालेला असायचा, पण नाना तेव्हा रकान्यांत असायचे.

चौथ्या दिवशी नानांनी गजर आणला. स्वयंपाकघरात वापरतात तसला, कोंबडीच्या आकाराचा. कोंबडीची मान पिरगाळली की ती पंधरा मिनिटं टिकटिक करायची आणि मग अशी काही किंचाळायची की दिवा लुकलुकावा. पहिल्यांदा ती किंचाळली तेव्हा तळमजल्यावरचे बंबवाले काका वाळूची बादली घेऊन तीन जिने चढून वर आले.

बंबवाले काका अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्या पायांपर्यंत पोचली नव्हती. "कुठे आहे?" ते दारातूनच ओरडले.

"काय कुठे आहे?"

"आग!"

नानांनी त्यांना कोंबडी दाखवली, यादी दाखवली, पद्धत समजावली. काकांनी बादली खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाना, आम्हाला असं शिकवलं असतं ना, तर अर्धं गाव जळून पाच मिनिटं विश्रांती घेत बसलं असतं." तरी ते दुसऱ्या गजरालाही आले. तिसऱ्यालाही. चौथ्याला त्यांनी बादली वर नानांच्या दाराशीच ठेवून दिली, म्हणजे दरवेळी उचलायला नको.

सल्ला मात्र ते रोज देत. खोली मागच्या भिंतीपासून रिकामी करायला घ्या, कारण बाहेर पडायची वाट नेहमी मोकळी हवी. मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं कसं, असं नानांनी विचारलं. त्यावर काका म्हणाले, "शिडी लावून खिडकीतून. मी धरतो." नानांनी हा सल्ला नम्रपणे नोंदवून घेतला आणि बक्षिसाचं बिस्कीट खाल्लं. पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे नऊ पुडे संपले. खोलीतून बाहेर आलं होतं एक पायपुसणं.

तुकडा क्रमांक एकोणीस होता व्यायामाच्या सायकलची विल्हेवाट. मोठा कचरा उचलणाऱ्या खात्याला फोन करायचा. पलीकडे एक कंटाळलेलं बाईमाणूस होतं.

"वस्तूचा प्रकार?"

"सायकल."

"वाहन. परवाना विभागाला फोन करा."

"अहो, चालत नाही ती. तिला चाकं नाहीत."

"चाकं कुणी काढली?"

"कुणी नाही. मुळातच नव्हती. एका जागी उभी राहून चालवायची असते."

मग पलीकडून आवाज आला, "साहेब, जी जागची हलत नाही ती सायकल कशी?" हा प्रश्न सायकल घेतली त्या दिवसापासून बाई विचारत आल्या होत्या. नाना उत्तर जुळवत होते तेवढ्यात कोंबडी किंचाळली आणि नियमाप्रमाणे त्यांनी फोन खाली ठेवला. दुसऱ्या तुकड्यात पुन्हा लावला तर दुसरा माणूस, आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी सायकल 'फर्निचर, इतर' मध्ये बसली, पण उचलायला येणार एकवीस दिवसांनी, आणि तोवर ती जिन्यात ठेवायला सोसायटीची परवानगी हवी.

सोसायटीचा सेक्रेटरी हा सरळ वाकडा माणूस होता. म्हणजे त्याचा वाकडेपणा अगदी सरळ, आखीव असायचा. नानांनी अर्ज दिला. तो परत आला. कारण, अर्जावर 'विषय' लिहिलेला नव्हता. नाना तो कागद हातात धरून बराच वेळ उभे राहिले. सव्वीस वर्षं त्यांनी याच एका कारणासाठी लोकांना परत पाठवलं होतं. कुणी म्हातारा जिने चढून आलेला, कुणी रजा काढून आलेली. त्या सगळ्यांना कसं वाटलं असेल, हे त्यांना आता नेमकं कळलं, आणि त्याचा त्यांना फार राग आला. पश्चात्ताप वगैरे नाही. नुसता राग. दुसरा अर्ज त्यांनी असा लिहिला की त्यात विषय, संदर्भ, सोबतची कागदपत्रं आणि प्रत माहितीसाठी असं सगळं होतं. तो मंजूर झाला, पण फक्त तीन दिवसांसाठी आणि फक्त 'एक नग' साठी.

"एक नग ना? मग कपाट काढा," बाई म्हणाल्या. तो तेरावा दिवस होता, रविवार. यादीतले एकतीस तुकडे झाले होते. "कपाट गेलं की बाकीचं मी बघते. तीन दिवस उरलेत, अहो."

"कपाट एकशे अठ्ठ्याण्णवला आहे."

बाईंनी नुसतं पाहिलं. शाळेत या नजरेला तिसरा इशारा म्हणत. नानांनी पेन्सिल घेऊन कपाट एकशे अठ्ठ्याण्णववरून बत्तीसवर आणलं.

बंबवाले काकांनी दार मोजलं, कपाट मोजलं आणि जाहीर केलं की बोटभर जागा शिल्लक राहते. बोट कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. कपाट आडवं फिरवून काढलं असतं तर सहज निघालं असतं, पण फिरवायला खोलीत जागा नव्हती, कारण खोली रिकामी करायची बाकी होती. म्हणून ते आहे तसं, समोरची बाजू पुढे करून ढकलायचं ठरलं. बाई बारीक, त्या सामानावरून चढून कपाटामागे गेल्या. त्या आतून ढकलणार, नाना आणि काका बाहेरून ओढणार. नानांनी कोंबडीची मान पिरगाळली.

"एक, दोन, हं!" कपाट करकरत सरकलं. फ्रिज बाजूला झाला, मासिकांचा डोंगर ढासळला. "हं!" कपाटाचं तोंड दारात आलं. "हं!" ते अर्धं बाहेर आलं आणि वरची नक्षीची पट्टी चौकटीला लागली. आतून बाईंचा आवाज आला, "अजून एक जोर लावा, सुटतंय! सुटतंय, ओढा!"

कोंबडी किंचाळली.

नानांनी हात सोडले. एकट्या काकांच्या हातात कपाट राहीना. ते मागे रेललं, त्याचा एक पाय उंबऱ्याच्या खाचेत गेला आणि कपाट चौकटीत असं घट्ट बसलं, जणू घर बांधताना ते तिथंच बसवलं होतं.

"काय झालं?" बाई आतून म्हणाल्या.

"तुकडा संपला."

"म्हणजे?"

"पाच मिनिटं विश्रांती," नाना म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना आपल्या आवाजात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण तोवर हात सवयीनं बिस्किटाच्या पुड्याकडे गेला होता.

आतून बाई अगदी हळू म्हणाल्या, "मी आत आहे, अहो."

पाच मिनिटांनी, आणि त्यानंतर पाऊण तासानं, आणि दोर लावूनही, कपाट हललं नाही. बंबवाले काकांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक वर्षांत नव्हतं असं तेज आलं होतं. "वहिनी, घाबरू नका!" ते कपाटाला तोंड लावून ओरडले. "जमिनीलगत राहा! तोंडावर ओला रुमाल धरा!"

"कशाला? आग आहे का?"

"नाही, पण धरलेला बरा."

खिडकीला गज होते, त्यामुळे शिडीचा बेत बारगळला. नानांनी सुताराला फोन केला. सुतार दोन गल्ल्या पलीकडे होता आणि म्हणाला, अर्ध्या तासात पोचतो. सुताराचा अर्धा तास चार तासांचा निघाला. नानांनी कपाटाच्या वरच्या फटीतून पाण्याची बाटली, दोन पोळ्यांची गुंडाळी आणि क्षमायाचनेचं एक बिस्कीट आत सरकवलं. बिस्कीट परत आलं.

दुपारी दोनच्या सुमाराला बाईंचा फोन वाजला. तो बाहेर टेबलावर होता, म्हणून नानांनी घेतला. दवाखान्यातून होता. वॉर्डात पलंग कमी पडत होते, आजींची तब्येत चांगली होती, तेव्हा उद्या सकाळीच घेऊन जा.

नानांनी कपाटाशी जाऊन सांगितलं. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागले. सरकल्याचे, आपटल्याचे, दोरीनं काहीतरी करकचून बांधल्याचे. धप्प. धप्प. नाना कान लावून उभे होते.

"अगं, ते काय करतेस? मासिकं का? ती सदतीसपासून पुढे..."

धप्प.

"अगं, दमशील."

"अहो," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता, म्हणून नाना जास्त घाबरले. "आई पडली ना, तेव्हा तीन तास तशीच पडून होती. हाका मारत होती. शेजारच्यांना टीव्हीत ऐकू गेलं नाही. मी इथे पेपर तपासत बसले होते. म्हटलं, एवढा गठ्ठा संपवू, मग फोन करू." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या यादीत ते कुठे बसतं, ते सांगा मला."

नाना भिंतीशी गेले, त्यांनी यादी काढली आणि नीट घडी घालावी की नको अशा विचारात असतानाच सुतार आला.

सुतारानं पान चघळल्यासारखं तोंड हलवत सगळा प्रकार पाहिला. "दार कापू की कपाट?" एवढंच त्यानं विचारलं.

"कपाट," नाना म्हणाले. असा झटपट निर्णय त्यांनी नोकरीत कधी दिला नव्हता.

सुतारानं पटाशी घालून कुलूप उचकटलं. अकरा वर्षांनी कपाट उघडलं. आत एकच खोकं होतं. खोक्यात रंगीत पेन्सिली, फायली, चिकटपट्ट्या, आणि वर एक लांब कागद, रकाने आखलेला, नानांच्याच वळणदार अक्षरात: 'मागची खोली आवरण्याचा आराखडा.' पहिलं कलम होतं, 'कपाटाची किल्ली सुरक्षित जागी ठेवणे', आणि त्यासमोर बरोबरची खूण होती. बाकी सगळे रकाने कोरे.

सुतारानं वाचलं. बंबवाल्या काकांनी वाचलं. दोघंही सभ्य माणसं असल्यामुळे छताकडे बघायला लागले.

मग सुतारानं आतल्या फळ्या काढल्या, मागची फळी ठोकून सैल केली, आणि कपाटाच्या पोटातून, केसांत जळमटं, हातात झाडू अशा बाई बाहेर आल्या. त्या नानांकडे न बघता थेट मोरीत गेल्या. नानांनी कपाटातून डोकं घालून आत पाहिलं. खोली दिसत होती. म्हणजे खरीखुरी खोली, फरशी, भिंती, खिडकी सगळ्यांसकट. मासिकांचे गठ्ठे एका कोपऱ्यात बांधून रचलेले, सुटकेस एकात एक, फ्रिजमध्ये जुने डबे आणि वायरी. मधल्या मोकळ्या जागेत ऊन पडलं होतं.

"खोली झालीच की," सुतार म्हणाला.

सुतारानं कपाट तोडून दार मोकळं केलं, आणि संध्याकाळपर्यंत नानांनी सामान खाली नेलं. गजर नाही, विश्रांती नाही. सेक्रेटरी जिन्यात आडवा आला आणि म्हणाला, "नाना, मंजुरी एका नगाची आहे." नानांच्या पाठीवर फ्रिजचं एक टोक होतं, दुसरं काकांच्या. नाना म्हणाले, "बाजूला व्हा, नाहीतर हा नग तुमच्यावर ठेवीन." हे वाक्य सोसायटीत पुढे बरेच दिवस चाललं. काकांनी ते थोडं वाढवूनही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. खुर्चीतून वर आणल्या. खोली पाहिली, खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. हा त्यांच्याकडून वरचा शेरा होता. पलंगावर बसल्या तेव्हा मात्र त्यांचा हात चादर घट्ट धरून होता. तो नानांना दिसला.

व्यायाम घेणारी मुलगी आली आणि सांगून गेली, की वॉकर घेऊन खोलीपासून पुढच्या दारापर्यंत दिवसातून तीनदा चालायचं. वीस-बावीस पावलं. सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, त्यांनी पुढच्या दाराकडे पाहिलं आणि परत बसल्या.

"मला नाही जमायचं."

"आई, थोडं तरी," बाई म्हणाल्या.

"मी चौतीस वर्षं लोकांना उभं केलंय. मला शिकवू नकोस." पण आवाज मेट्रनचा नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाई शाळेत जाताना डोळे पुसत गेल्या.

नानांनी त्या दिवशी रजा टाकली. त्यांनी सासूबाईंची ती नजर पाहिली होती, पार टोकापर्यंत जाणारी आणि तिथूनच हरून परत येणारी. नाना अकरा वर्षं मागच्या खोलीचं दार याच नजरेनं लावून घेत आले होते. त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि खोलीच्या दाराबाहेर, पलंगापासून चार पावलांवर ठेवली.

"आई, ही खुर्ची बघा. इथे येऊन बसा."

"आणि मग?"

"मग काही नाही. बसा."

सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. पुढच्या दाराकडे बघायला त्यांनी मान वळवली, तर मध्ये नाना उभे होते, अंगानं बरेच रुंद. मग त्या उठल्या. एक पाऊल. वॉकर. दुसरं. चौथ्या पावलाला खुर्चीत बसल्या तेव्हा कपाळावर घाम होता. "झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी खुर्ची पाच पावलांवर होती. मग सहा. नानांनी कुठेही काही लिहून ठेवलं नाही, बाईंनासुद्धा सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सासूबाई खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "नाना, ही खुर्ची पुढे सरकते आहे."

"फरशी उताराची आहे, आई."

"इतक्या वर्षांत मला पेशंटनं कधी फसवलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण हसल्या. एकवीस वर्षांत नानांकडे बघून त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि नानांना पुढचा अर्धा तास आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, नाना ऑफिसातून लवकर आले. बाई वाण्याकडे गेल्या होत्या. घरात शांत होतं. खुर्ची तिच्या जागी होती, पण रिकामी. पलंगही रिकामा. नाना न्हाणीघराकडे धावले. तिथे कुणी नव्हतं.

"ओरडू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला. "इकडे आहे मी."

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या, वॉकर एका बाजूला. गॅस बंद होता. समोर दोन कपांत चहा गाळून ठेवलेला.

"आई, तुम्ही एकट्या इथवर..."

"मग काय, खुर्ची इथवर यायची वाट बघू?" त्या म्हणाल्या. "तो चहा घेऊन चला बाहेर. मला दोन्ही हातांनी वॉकर धरावा लागतो."

नाना कप घेऊन पुढे निघाले. मागून वॉकरची टकटक येत होती, त्यांच्या चालीनं, न थांबता. दोघं टेबलाशी बसले. नानांनी घोट घेतला. चहात साखर घालायची राहिली होती.

नानांनी तसाच कप रिकामा केला आणि म्हणाले, "आई, अजून अर्धा मिळेल का?"